अ‍ॅडव्हान्स टॅक्स चुकला: बाजारात तुरी आणि २३४सी

सबटायटलवाली
१३ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:४०

लोकहो, काल रात्री साडेअकराला रिटर्न भरायला बसले. आयटीआर-३ (धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असलेल्यांचा फॉर्म), सीए न लावता, स्वतःच. नोकरी मार्च २०२४ मध्ये सोडली, त्यामुळे पूर्ण फ्रीलान्सिंगचं हे पहिलंच रिटर्न. भाषांतर आणि सबटायटलिंग करते. तीन क्लायंट परदेशातले, दोन इथले. परदेशातले टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापत नाहीत. इथल्या दोघांनी मिळून ११,८४० कापले.

वर्षाची जमा १४ लाख २० हजार. लॅपटॉपचा घसारा, सॉफ्टवेअर, इंटरनेट, कामाच्या खोलीचं भाडं असा खर्च २ लाख ८० हजार. राहिले ११ लाख ४० हजार. नव्या कर पद्धतीने कर अधिक सेस (करावरचा उपकर) ७३,८४०. त्यातून टीडीएस वजा केला की ६२,०००. हा आकडा मला मार्चपासून पाठ आहे. तेवढी एफडी करून ठेवली होती, काल मोडली.

आणि शेवटच्या पानावर आलं ६८,८५१.

मला वाटलं सेस दोनदा लागला. मग खाली बारीक अक्षरात दिसलं: कलम २३४बी ३,७२०, कलम २३४सी ३,१३१. दर तिमाहीला आगाऊ कर भरायचा असतो म्हणे. नोकरीत असताना हे सगळं कंपनी परस्पर करायची, आपल्याला फक्त फॉर्म १६ मिळायचा.

मी काही लपवलेलं नाही, रिटर्न वेळेत भरतेय, मग दंड कसला? आणि १५ जूनला मला कसं कळणार की मार्चपर्यंत किती काम मिळेल? परवा पुन्हा १५ तारीख आहे, ती रिटर्नचीही आणि या वर्षाच्या दुसऱ्या हप्त्याचीही. आता किती भरू? जाणकारांनी प्रकाश टाकावा. फॉर्म अजून सबमिट केलेला नाही.

चहाबाज
१३ सप्टेंबर, ९:५२

मी पयला. आणि मीही भरलेला नाही. चहा घेऊन बसतो, चालू द्या.

निवृत्त_नाना
१३ सप्टेंबर, १०:२०

ताई, आधी शब्द नीट करू. हा दंड नव्हे, व्याज आहे. दंडाला नोटीस येते, तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. इथे तसलं काही नाही. सरकारचे पैसे तुमच्याकडे राहिले, त्याचं महिना १ टक्का सरळव्याज.

टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर तो चार हप्त्यांत द्यायचा. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत सगळा. तुमचे ६२,००० धरा. जूनला हवे होते ९,३००, त्यावर तीन महिन्यांचे २७९. सप्टेंबरला २७,९००, त्याचे ८३७. डिसेंबरला ४६,५००, त्याचे १,३९५. मार्चच्या हप्त्याला एकच महिना मोजतात, ६२० रुपये. बेरीज करा, ३,१३१. ही झाली २३४सी.

३१ मार्चपर्यंत टीडीएस वजा जाता उरलेल्या कराच्या ९० टक्के आले नाहीत तर १ एप्रिलपासून २३४बी सुरू. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, दरमहा ६२०. झाले ३,७२०. सप्टेंबरचे बारा दिवस म्हणजे अख्खा महिना, भाडेकरूसारखं.

आम्ही ज्येष्ठ नागरिक या भानगडीतून मोकळे. साठीनंतर आगाऊ कर माफ. वय वाढण्याचे एवढे तरी फायदे असावेत.

आकडेमोड
१३ सप्टेंबर, १०:३५

नानांचा हिशेब चोख. एक भर. या वर्षी रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली, तेव्हा सगळे निवांत झाले. पण पुढे गेली ती फक्त रिटर्नची तारीख. २३४बी चालूच होतं. ताईंनी जुलैत पैसे भरले असते तर चारच महिने लागले असते, २,४८०. मुदतवाढीची 'सवलत' त्यांना १,२४० रुपयांना पडली.

सबटायटलवाली
१३ सप्टेंबर, १०:४१

अरे देवा. मी खरंच तेच केलं. मुदतवाढीची बातमी वाचली आणि एफडी आणखी दीड महिना राहू दिली. व्याज किती मिळालं ते इथे सांगत नाही.

मांडवीकाठ
१३ सप्टेंबर, ११:१५

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला +१००.

मी पणजीत लग्नाचे फोटो काढतो. आमचा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनमध्ये गोव्यात काय असतं? पाऊस, बुरशी आणि लेन्सच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. जूनच्या १५ तारखेला माझ्या खात्यात पावसाळ्यापुरते पैसे असतात आणि सरकार विचारतं, डिसेंबरातल्या लग्नांचा अंदाज सांग आणि त्यावरचे १५ टक्के दे. अजून त्या मुलामुलींचं जमलेलंही नसतं! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ते हेच.

आता माझे सीए माझं उत्पन्न धंदा धरून ४४एडीखाली (छोट्या धंद्यांना जमेच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरू देणारं कलम) दाखवतात, त्यामुळे एकच हप्ता, १५ मार्चला. सीझन संपलेला असतो, हातात पैसे असतात. हे आधीच कळलं असतं तर तीन वर्षांचं व्याज वाचलं असतं.

रेघोट्या
१३ सप्टेंबर, ११:३०

व्याजाचं काय घेऊन बसलात, मी तर वेळेत भरूनही अडकले.

मी चित्रकार, लहान मुलांची पुस्तकं करते. जून २०२४ मध्ये मोठ्या शहाणपणाने पहिला हप्ता भरला, १८,०००. चलनावर 'असेसमेंट इयर' विचारतात. चालू आर्थिक वर्ष २०२४-२५, म्हणून मी २०२४-२५ निवडलं. पण असेसमेंट इयर म्हणजे त्याच्या पुढचं वर्ष, २०२५-२६. माझे पैसे मागच्या वर्षात जाऊन बसले. या वर्षीच्या हिशेबात ते शून्य, वर त्यावर व्याज. कळलं तेव्हा पोर्टलवर चलन दुरुस्त करायची मुदत केव्हाच संपली होती. त्यासाठी असेसिंग ऑफिसरला अर्ज, बँकेची पावती, चलनाची प्रत. अजून चकरा चालू आहेत.

तर सगळ्यांनी आत्ताच चलन काढून वर्ष बघा. आणि हप्ता असेल तर प्रकार 'अ‍ॅडव्हान्स टॅक्स', म्हणजे कोड १००. रिटर्नच्या वेळी भरता तो सेल्फ असेसमेंट, कोड ३००.

चहाबाज
१३ सप्टेंबर, ११:३४

चलन काढून बघायला आधी भरावं लागतं ना.

हडसनकाठी
१३ सप्टेंबर, रात्री ८:०५ (इथे सकाळ)

न्यू जर्सीतून. इथे माझा नवरा फ्रीलान्स, त्यामुळे हे दुखणं घरचंच. इथेही चार हप्ते: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. नाव तिमाही, पण एप्रिल ते जूनमध्ये दोनच महिने आणि सप्टेंबर ते जानेवारीत चार. कुणी ठरवलं देव जाणे. चुकलं तर लागणाऱ्या रकमेला हे लोक पेनल्टी म्हणतात खरं, पण काढतात व्याजासारखीच. २०२५ मध्ये वर्षाला ७ टक्के. तुमच्याकडे १२ आहे.

पण मुख्य फरक वेगळा. इथे मागच्या वर्षी जेवढा कर होता तेवढा या वर्षी हप्त्यांनी भरून टाकला (उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असेल तर ११० टक्के), की पुढे लॉटरी लागो नाहीतर मोठा क्लायंट, पेनल्टी नाही. भविष्य सांगावं लागत नाही, मागचं रिटर्न उघडायचं आणि चाराने भागायचं. शिवाय उत्पन्न वर्षाच्या शेवटी आलं असेल तर २२१० नावाच्या फॉर्ममध्ये, कुठल्या काळात किती कमावलं, तसा हप्ता मोजून मागता येतो. फॉर्म किचकट आहे, नवऱ्याने एकदाच भरला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पण सोय आहे. मांडवीकाठ, तुम्हाला हीच हवी.

भारतात असं काही नाही का?

ताळेबंद
१३ सप्टेंबर, रात्री ११:५०

मी सीए आहे. १५ तारखेच्या आधीचा शनिवार आहे, तेव्हा शुद्धलेखन माफ करा.

हडसनकाठी, नाही. आपल्याकडे जूनचा हप्ता वर्षाच्या शेवटच्या आकड्याशी ताडून बघतात. मार्चला कळलेली गोष्ट जूनला माहीत होती असं कायदा धरून चालतो. पहिल्या दोन हप्त्यांना किंचित ढील आहे: १५ ऐवजी १२ टक्के आणि ४५ ऐवजी ३६ टक्के भरले असतील तरी व्याज नाही. भांडवली नफा, लॉटरी, डिव्हिडंड यांचा अंदाज चुकला तर २३४सी लागत नाही, मात्र मिळाल्यानंतरच्या हप्त्यांत त्यावरचा कर भरायला हवा. म्हणजे शेअर विकणाऱ्याला सूट आणि भाषांतर करणाऱ्याला नाही. पटतं का? मला नाही पटत.

सबटायटलवाली, तुमच्यासाठी चुटपुट लावणारी माहिती. धंद्या-व्यवसायाचं उत्पन्न पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर त्यालाही ही सूट आहे. २०२४-२५ तुमचं पहिलंच वर्ष होतं. ३१ मार्च २०२५ पर्यंत सगळा कर भरला असता तर २३४सी नाही आणि २३४बी पण नाही. पैसे एफडीत होते म्हणालात ना?

सबटायटलवाली
१४ सप्टेंबर, सकाळी ७:२०

हो. एफडीत. मी जरा चालून येते.

पारसिकबोगदा
१४ सप्टेंबर, ९:१०

उलट बाजू मांडतो, शिव्या घाला. मी आगाऊ कर मुद्दाम भरत नाही. सॉफ्टवेअरचं काम, एकटाच. क्लायंट साठ-नव्वद दिवसांनी पैसे देतात. जूनमध्ये कर भरायचा तर मला ओव्हरड्राफ्ट काढावा लागेल, त्याचं व्याज १२ पेक्षा जास्त. सरकार १२ टक्क्यांनी देतंय, तारण नाही, प्रोसेसिंग फी नाही, बँकेच्या साहेबासमोर बसणं नाही. क्रेडिट कार्डवाले महिन्याला ३ टक्क्यांच्या पुढे घेतात. असा सावकार कुठे मिळतो?

निवृत्त_नाना
१४ सप्टेंबर, ९:२५

ऋण काढून सण. आमच्या वेळी

आकडेमोड
१४ सप्टेंबर, ९:२७

नाना, वाक्य पूर्ण करा. :)

ताळेबंद
१४ सप्टेंबर, ९:४०

पारसिकबोगदा, दोन गोष्टी. २३४चं व्याज धंद्याचा खर्च म्हणून एक पैसाही वजा मिळत नाही. दुसरं, हे व्याज अधिकाऱ्याला विनंती करून सुटत नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २००१ मध्ये अंजुम घासवाला खटल्यात स्पष्ट केलंय की २३४ए, बी, सीचं व्याज आकारलंच पाहिजे. मोजक्या प्रकरणांत प्रत्यक्ष कर मंडळाच्या आदेशाने सवलत मिळते, 'क्लायंटने उशिरा पैसे दिले' हे त्यात बसत नाही.

पण तुमच्यासारख्याला इतकी घासाघीस कशाला? सॉफ्टवेअर सल्लागार ४४एडीएत (ठरावीक व्यावसायिकांसाठीचं तसंच कलम) बसत असेल तर जमेच्या ५० टक्के उत्पन्न दाखवा आणि एकच हप्ता, १५ मार्चला. मर्यादा ५० लाख, रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख.

पारसिकबोगदा
१४ सप्टेंबर, ९:५५

माझा खर्च कमी आहे हे खरं, नफा सत्तर टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे मी दोन्हीकडून जास्त भरतोय? सावकार बदलावा लागणार.

आकडेमोड
१४ सप्टेंबर, १०:३०

थांबा थांबा. मग ताईंनी ४४एडीए का घेऊ नये? मी हिशेब केला. १४ लाख २० हजारांचे निम्मे ७ लाख १० हजार. २०२४-२५ ला नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंत रिबेट (कर माफ), वरच्या १० हजारांना मार्जिनल रिलीफ (वरच्या रकमेपेक्षा जास्त कर नाही). म्हणजे कर १०,०००, सेस धरून १०,४००. टीडीएस कापला गेलाय ११,८४०.

ताई ६८,८५१ भरायच्या ऐवजी १,४४० परत घेणार!

चहाबाज
१४ सप्टेंबर, १०:३३

🥁🥁🥁

रेघोट्या
१४ सप्टेंबर, १०:४०

ताई आहेत कुठे? चालून आल्या का?

ताळेबंद
१४ सप्टेंबर, ११:१०

ताशे थांबवा. ४४एडीए प्रत्येक फ्रीलान्सरला नाही. वकिली, वैद्यकीय, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, टेक्निकल कन्सल्टन्सी, इंटीरियर डेकोरेशन आणि सरकारने अधिसूचित केलेले काही व्यवसाय, त्यात चित्रपट कलाकार येतात. भाषांतर या यादीत नाही. पुष्कळ जण 'टेक्निकल कन्सल्टन्सी' या गोधडीखाली सगळं झाकतात आणि रिटर्न बिनबोभाट प्रोसेस होतं. प्रोसेस झालं म्हणजे मान्य झालं असं नाही. उद्या स्क्रूटिनी (रिटर्नची तपासणी) लागली तर ६० हजारांचा कर, व्याज आणि चुकीचं उत्पन्न दाखवल्याचा खराखुरा दंड. नाना म्हणाले तो नोटिशीवाला.

गीतकार आणि संवादलेखक अधिसूचित चित्रपट कलाकारांत आहेत. सबटायटल करणारा नाही. मी माझ्या क्लायंटला देणार नाही.

मुळामुठेची
१४ सप्टेंबर, ११:४५

माझ्या सीएंनी दिलं. तीन वर्षं. मीही भाषांतरकार. त्यांचं म्हणणं, मी औषध कंपन्यांची तांत्रिक कागदपत्रं भाषांतरित करते आणि परिभाषेचा सल्लाही देते, म्हणून बसतं. दोन सीए तीन मतं. पण ताळेबंद यांचं वाचून पोटात गोळा आला हे खरं.

सबटायटलवाली
१४ सप्टेंबर, दुपारी २:००

आले. वाचलं. १,४४० परत मिळण्याच्या कल्पनेने दोन मिनिटं फार छान वाटलं. पण मी मालिकांना सबटायटल लावते. 'अगं बाई' ला इंग्रजीत काय लिहायचं यावर अर्धा तास घालवते. याला टेक्निकल कन्सल्टन्सी म्हणायला माझी जीभ वळत नाही. आयटीआर-३ च भरते.

उद्याच्या हप्त्याचं सांगा. या वर्षी साडेअकरा लाखांपर्यंत जाईल असं दिसतंय.

आकडेमोड
१४ सप्टेंबर, २:१५

मग भरायचा नाही! २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट आहे. साडेअकरा लाखांवर कर शून्य, म्हणून हप्ताही शून्य. उलट टीडीएस परत मिळेल.

ताळेबंद
१४ सप्टेंबर, २:२५

बरोबर. फक्त १२ च्या वर जाणार नाही ना, यावर डोळा ठेवा.

धडपड्या
१४ सप्टेंबर, ५:४०

थोडं अवांतर. महाराष्ट्रातले फ्रीलान्सर व्यवसाय कर भरता का? स्वतंत्र व्यावसायिकाला पीटीईसी (व्यवसाय कराची नोंदणी) नंबर घ्यावा लागतो आणि वर्षाला २,५०० भरावे लागतात, ३० जूनपर्यंत. मला काल कळलं. मागच्या वर्षांचं काय करायचं?

मुळामुठेची
१४ सप्टेंबर, ५:५८

हे काय असतं?

पारसिकबोगदा
१४ सप्टेंबर, ६:०५

मी हा प्रतिसाद वाचलेला नाही.

जिरेमिरे
१४ सप्टेंबर, ९:१५

टीडीएसवरून विचारते. माझ्या एका क्लायंटने १० टक्के कापले, इन्व्हॉइसवर तसं लिहून उरलेले दिले. पण २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारा तक्ता) काही दिसत नाही. त्याने भरलेच नाहीत. मला आगाऊ कराच्या हिशेबात ते वजा धरता येतील का? दुसरा एक क्लायंट म्हणतो, आम्ही कापतच नाही, पूर्ण घ्या.

ताळेबंद
१४ सप्टेंबर, ११:३०

दोन्ही वेगळी प्रकरणं. कापले असतील आणि त्याने सरकारकडे भरले नसतील, तर तेवढी रक्कम पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, कलम २०५. पण पोर्टलला कलम २०५ वाचता येत नाही, ते २६एएस बघून मागणी काढतं. इन्व्हॉइस, बँकेचं स्टेटमेंट, क्लायंटचा मेल सांभाळून ठेवा, भांडावं लागेल. ज्याने कापलेच नाहीत, त्याचे वजा धरता येत नाहीत. 'त्याने कापायला हवे होते' हे कारण २०१२ नंतर चालत नाही, तो कर आगाऊ कराच्या हिशेबात तुमच्याच माथी.

आता मला सोडा, उद्या १५ आहे.

निवृत्त_नाना
१५ सप्टेंबर, सकाळी ८:००

ताळेबंद, झोपा काढा. सर्वांना शुभेच्छा. आम्ही निवांत.

जिरेमिरे
१५ सप्टेंबर, ८:२०

नाना, मागे एका धाग्यावर तुम्ही लिहिलं होतं की निवृत्तीनंतर सोसायट्यांचे स्ट्रक्चरल ऑडिट करता. त्याचं मानधन येत असेल ना?

निवृत्त_नाना
१५ सप्टेंबर, ८:३५

येतं. थोडंफार. का?

ताळेबंद
१५ सप्टेंबर, ८:५०

नाना... ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ कराची सूट धंद्या-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. पेन्शन आणि व्याज असेल तर माफ. ऑडिटची फी हा व्यवसाय झाला. सूट गेली, फीपुरती नाही, सगळ्याच उत्पन्नावरची.

चहाबाज
१५ सप्टेंबर, ८:५१

नाना, दंड नव्हे, व्याज आहे.

आकडेमोड
१५ सप्टेंबर, ८:५३

भाडेकरूसारखं.

निवृत्त_नाना
१५ सप्टेंबर, दुपारी १:१०

आमचे सीए फोन उचलत नाहीत.

ताळेबंद
१५ सप्टेंबर, १:१५

आज कुणाचेच उचलणार नाहीत. घाबरू नका, तुम्ही इंजिनिअर, ४४एडीएत बसता. फी त्यात दाखवली की एकच हप्ता १५ मार्चला. या वर्षीचं काही बिघडलेलं नाही. मागच्या वर्षीचं रिटर्न मात्र नीट बघून घ्या.

सबटायटलवाली
१५ सप्टेंबर, रात्री ११:२०

भरलं. पोर्टल सकाळपासून रडत होतं, ओटीपी येईपर्यंत सेशन संपायचं. चौथ्या खेपेला गेलं. ६८,८५१ पूर्ण. धन्यवाद मंडळी.

आकडेमोड
१६ सप्टेंबर, सकाळी ७:००

रात्री उशिरा एक दिवस वाढवला, आज १६ पर्यंत. :)

सबटायटलवाली
१६ सप्टेंबर, ७:३०

आता मी फक्त हसते.

(तीन महिन्यांनी)

सबटायटलवाली
१४ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ६:१०

धागा वर काढतेय. तुरी बाजारातून घरी आल्या.

नोव्हेंबरमध्ये एका क्लायंटने दोन मालिकांचं काम एकदम दिलं. आता मार्चपर्यंत १३ लाख होतील. म्हणजे १२ ची रेघ गेली. आकडेमोड, बरोबर का बघा: कर ७५,०००, सेस धरून ७८,०००. टीडीएस साधारण १४,०००. राहिले ६४,०००. उद्या १५ डिसेंबर, म्हणून ७५ टक्के, ४८,०००?

आकडेमोड
१४ डिसेंबर, ६:३०

बरोबर. १३ लाखांना मार्जिनल रिलीफ उरत नाही, ती साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंतच. आणि जून-सप्टेंबरचं व्याज लागणार: ९,६०० वर २८८, २८,८०० वर ८६४. एकूण १,१५२.

सबटायटलवाली
१४ डिसेंबर, ६:४२

म्हणजे जे काम मला नोव्हेंबरमध्ये मिळालं, त्याचा कर मी जूनमध्ये भरला नाही म्हणून व्याज. सप्टेंबरमध्ये इथेच विचारलं होतं, तुम्हीच शून्य सांगितलंत, बरोबरच सांगितलंत. मी माहिती घेतली, विचारून वागले, एकाही रुपयाची चालढकल केली नाही. मागच्या वेळी चूक माझी होती, ते ६,८५१ मी निमूट भरले. हे १,१५२ मला जास्त झोंबतात.

हडसनकाठी
१४ डिसेंबर, ७:०५

इथे तो २२१० भरून सुटला असतात. दोन दिवस अबोला धरून.

पारसिकबोगदा
१४ डिसेंबर, ७:१५

शेवटच्या लाखाचं बिल एप्रिलमध्ये लावा ना! १२ च्या आत राहिलात की ७८ हजार वाचले.

ताळेबंद
१४ डिसेंबर, ७:५०

हिशेब रोख पद्धतीने ठेवत असाल तर पैसे हातात येतील त्या वर्षाचं उत्पन्न, हे खरं. पण पद्धत एकदा धरली की दरवर्षी तीच. मार्च आला की रोख आणि एप्रिल आला की मर्कंटाइल (पैसे येवोत न येवोत, बिलाप्रमाणे उत्पन्न धरणं), असं नाही. आणि क्लायंटने मार्चमध्ये टीडीएस कापून दाखवला तर जुळवत बसावं लागेल.

सबटायटलवाली
१४ डिसेंबर, ८:०५

क्लायंट परदेशातला आहे, दर महिन्याच्या ५ तारखेला न सांगता पैसे पाठवतो. असा क्लायंट मी करासाठी थांबवू? आईला कळलं तर घरात घेणार नाही.

जूनपासून एक गोष्ट करतेय ती सांगते. पैसे आले की त्याच दिवशी १५ टक्के दुसऱ्या खात्यात टाकते, त्या खात्याचं कार्डच घेतलेलं नाही. सप्टेंबरमध्ये कर शून्य ठरला तेव्हा ते पैसे काढून नवा मॉनिटर घ्यायचा मोह झाला होता. नाही घेतला. आज त्यातूनच ४८,००० भरले. आत्ता चलन हातात आहे.

रेघोट्या
१४ डिसेंबर, ८:०८

वर्ष??

सबटायटलवाली
१४ डिसेंबर, ८:०९

२०२६-२७. तीनदा बघितलं. कोड १००.

रेघोट्या
१४ डिसेंबर, ८:१०

शाब्बास. माझं प्रकरण परवा सुटलं बरं का. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू होतोय, त्यात असेसमेंट इयर नाही, नुसतं 'कर वर्ष'. माझ्यासारख्यांचे हाल बघूनच केलं असावं.

निवृत्त_नाना
१४ डिसेंबर, ८:४५

आम्ही मार्चच्या हप्त्याची रक्कम आजच बाजूला काढली. १५ मार्चला रविवार आहे, पण मी शुक्रवारीच भरणार.

ताळेबंद
१४ डिसेंबर, ९:००

शेवटचा दिवस बँकेच्या सुट्टीचा असेल तर दुसऱ्या दिवशी भरलेलं चालतं, १९९४ चं परिपत्रक आहे. या वर्षी १५ जूनलाही रविवारच होता. पण तुम्ही शुक्रवारीच भरा नाना.

चहाबाज
१४ डिसेंबर, ९:२०

हा सगळा धागा वाचून मी आज पहिल्यांदा पोर्टलवर लॉगिन केलं. पासवर्ड विसरलोय.

धडपड्या
१४ डिसेंबर, १०:१५

पीटीईसीचं कुणी सांगितलंच नाही.